किलोवर घेतलेले पाने

माझ्या सासरच्या माणसांनी मला आयुष्यात एकदाच ठामपणे 'नाही' म्हणायला हवं होतं, आणि नेमका तेव्हाच धोंड्याचा महिना चालू होता.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास. साधारण तीन वर्षांनी येतो, आणि त्या महिन्यात जावई हा साक्षात विष्णू असतो. (एरवी तो बोळिंजला दुसऱ्या मजल्यावर राहणारा, विमा कचेरीतला कारकून असतो.) त्याला लेकीसकट जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. विष्णूच्या हातात शंख, चक्र, गदा, पद्म असतात. माझ्या हातात त्या वर्षी नट-बोल्ट सोडवायचे पाने होते.

ते मिळाले माणिकपूरला. वनितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला शिलाई मशीन दुरुस्त झाली का ते बघायला पाठवलं होतं. झाली होती. दुरुस्तीवाल्यानं एक स्क्रू घट्ट केला होता आणि त्याचे जे पैसे मागितले ते माझ्या मनाला फार लागले. 'परवा येतो' म्हणून मी मशीन तिथेच ठेवली आणि आपल्याकडे हत्यारं असती तर काय बहार झाली असती, असा विचार करत रिक्षा स्टँडपर्यंत आलो. तर तिथे एक माणूस ताडपत्री पसरून बसलेला आणि ताडपत्रीवर हत्यारंच हत्यारं! वसई पूर्वेला कारखान्यांचे कुठले कुठले गाळे बंद पडले होते, तिथला जुना माल.

"कैसे दिया?" मी विचारलं.

"किलो पे."

किलोवर म्हटल्याबरोबर माझ्यातला गृहस्थ जागा झाला. किलोवर मिळणारी वस्तू कशी घ्यायची हे मला आईनं लहानपणीच शिकवलंय. जड ते जून, हलकं ते कोवळं. मी काळे, जाडजूड, हातात धरल्यावर मनगट खाली ओढणारे पाने बाजूला सारले आणि हलके, चकचकीत, पातळ पाने निवडून घेऊ लागलो. तेवढ्याच वजनात दुप्पट नग बसत होते. विकणारा बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"साब, ये भिंडी नहीं है."

"मालूम है," मी म्हणालो आणि आणखी एक हलका पाना तराजूत टाकला.

घरी येऊन मोजले तर अकरा पाने, एक पक्कड, एक हातोडी आणि एक छिन्नी. अकरापैकी सहा पाने चौदा नंबरचे निघाले. (चौदा नंबर गॅरेजात सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून आधी झिजतो, आणि तोंड फाकलं की तो किलोवर येतो, हे मला नंतर एका मिस्त्रीनं सांगितलं. तो मिस्त्री पुढे येईलच. यावाच लागला.)

"मशीन कुठाय?" वनितानं विचारलं.

"मशीन परवा. हे बघ."

"एकसारखे सहा कशाला?"

"असावेत. जास्तीचे."

त्याच संध्याकाळी मी बाथरूमचा नळ दुरुस्त केला. आधी तो थेंब थेंब गळत होता. नंतर तो गळेनासा झाला, कारण धार लागली. प्लंबर येऊन गेला. माझ्या मते दोष नळाचा होता, आणि या मतावर मी ठाम होतो. माणसाच्या हातात पहिल्यांदा हत्यार आलं की जग दोनच भागांत विभागलं जातं. दुरुस्त झालेलं आणि माझी वाट बघणारं.

मग चांदीपहून निरोप आला. वनिताचं माहेर चांदीपचं. थोडी भातशेती, घरामागे विहीर, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर केलेली भेंडी आणि मिरची. त्या वर्षी अधिक मास ऐन ज्येष्ठात आला होता, म्हणजे पाऊस अजून तोंड दाखवत नव्हता आणि ऊन मात्र मुक्कामाला आलं होतं. आम्ही रविवारी सकाळी निघालो. पिशवी उचलताना आतून खळ्ळ असा आवाज आला.

"तिथे अनारसे खायला चाललोय," वनिता म्हणाली. "पाने कशाला घेताय?"

"असू दे गं. खेडेगावात गरज पडते."

चांदीपला सगळं यथासांग झालं. आम्हाला पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारसे दिले. सासूबाई स्वतः वाढत होत्या. मेव्हणा जगन, मला भावोजी म्हणणारा, पंख्याची दिशा माझ्याकडे करत होता. सासरे, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो, दाराशी बसून समाधानानं बघत होते. बाबा बोलायचे कमी. दिवसाला त्यांचे दहा-बारा शब्द व्हायचे आणि त्यातले निम्मे बैलांसाठी असायचे.

जेवण झाल्यावर मी गुपचूप पडलो असतो तर ही आठवण इथेच संपली असती. पण मी पाय मोकळे करायला विहिरीवर गेलो. तिथे पत्र्याच्या खोपटात बाबांचं ऑइल इंजिन होतं. हिरवा रंग उडालेलं, जुनं, पण हँडल मारलं की दुसऱ्या फेऱ्याला सुरू होणारं. पंचवीस वर्षं त्याच इंजिनानं विहिरीचं पाणी वर आणलं होतं. त्याच्या डिझेलच्या नळीच्या सांध्यातून एक थेंब गळायचा. बाबांनी खाली नारळाची करवंटी ठेवली होती. करवंटी भरली की ते डिझेल पुन्हा टाकीत ओतायचे. यात इंजिनाला त्रास नव्हता, बाबांना नव्हता, करवंटीलाही नव्हता. फक्त मला झाला.

"बाबा, हे गळतंय."

"हां," बाबा म्हणाले. "गळतं."

"किती दिवस?"

"जगन शाळेत होता तवापासून."

"मग दुरुस्त नाही केलंत?"

"करवंटी हाय ना."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. शहरातून आलेला, सहा चौदा नंबरी पान्यांचा धनी असलेला माणूस जसा हसेल तसा हसलो, आणि पिशवी आणायला घरात गेलो. परत आलो तेव्हा जगन आणि सासूबाईही तिथे आले होते.

"भावोजी, आता राहू द्या. ऊन लय हाय," जगन म्हणाला.

"दहा मिनिटांचं काम आहे."

"जरा आडवे व्हा. पंखा लावलाय," सासूबाई म्हणाल्या.

"नंतर होतो."

जगननं बाबांकडे बघितलं. बाबांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी बारीक मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ आज मला मराठीत सांगता येईल: धोंड्याचा महिना आहे, जावयाला नाही म्हणायचं नाही.

मी पाना लावला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "जावईबापू, जुनं इंजिन हाय. इंचातलं."

दिवसाच्या दहा-बारा शब्दांतले चार-पाच त्यांनी माझ्यासाठी खर्च केले होते. त्यांच्या परीनं त्यांनी मला अडवलं होतं. माझ्या सगळ्या पान्यांवर मिलिमीटरचे आकडे होते. पण मला ते सुचायला नको? मी उलट त्यांनाच समजावलं.

"बाबा, इंच आता गेले. सगळीकडे मिलिमीटरच चालतं."

बाबांनी करवंटी नीट सांध्याखाली सरकवली.

चौदाचा पाना नटावर सैल बसला. दुसरा चौदाचा लावला, तोही सैल. असे सहाही लावून झाले. मग मी फट भरायला अनारशाच्या पुडीचा कागद घडी करून मध्ये घातला. कागद तुपकट होता. पाना सटकन फिरला आणि नटाचे कोपरे गेले. नट आता सुपारीसारखा गोल झाला. पक्कड लावली, ती घसरली. तेव्हा मी छिन्नी मागितली. जगननं ती पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. (तो म्हणतो, ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम.)

तीन घाव घातले. नटाला काही झालं नाही. नट ज्यात बसवला होता तो बिडाचा भाग टिचला, आणि एका थेंबाच्या जागी डिझेलची धार लागली. करवंटी भरून वाहू लागली. सासूबाईंनी पुढे होऊन विहिरीवर धुवायला आणलेलं ताट धारेखाली धरलं. ओवाळणीचं ताट! त्यात अजून हळदकुंकू होतं.

इथे तरी थांबावं की नाही? पण चूक झाली की माणूस ती आणखी खोलवर जाऊन शोधतो. तडा कुठपर्यंत गेलाय ते बघायला मी आणखी चार नट सोडले. मग वरचं झाकण. मग त्याच्या आतलं काहीतरी, ज्याला स्प्रिंग होती. ती उडाली आणि विहिरीत गेली. डुबुक असा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच काही ऐकलं नाही. संध्याकाळी सुट्या भागांचा ढीग माझ्यासमोर होता आणि तो अनारशांपेक्षा नक्कीच मोठा होता.

"चहा घेता ना जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझी कचेरी होती. मी एकटाच परत आलो. वनिता माहेरीच राहिली, पाणी ओढायला.

विरारहून मिस्त्री आला तो मंगळवारी. त्यानं इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कोनी उघडलं?"

सगळे विहिरीत बघू लागले. बाबा म्हणाले, "आपसूक तुटलं."

"आपसूक? आनि हे छिन्नीचे घाव?"

"जुनं हाय इंजिन," बाबा म्हणाले.

हे मला वनितानं सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही. त्या जुन्या इंजिनाचा तो भाग कुठल्याही दुकानात मिळेना. मिस्त्री तो कुठूनसा घडवून आणेपर्यंत पंधरा दिवस गेले. ज्येष्ठातल्या उन्हात भेंडीला पंधरा दिवस म्हणजे काय, हे मी दोन आठवड्यांनी, रविवारी, डोळ्यांनी पाहिलं. अर्धे वाफे माना टाकून बसले होते. मिरची तर गेलीच होती. साठीच्या सासूबाई पदर खोचून रहाटावर पाणी ओढत होत्या, वनिता, बाबा आणि जगन घागरी वाफ्यापर्यंत नेत होते. मी पुढे झालो आणि दोर हातात घेतला. सात घागरी काढल्यावर तळहाताला फोड आले. सासूबाईंनी माझ्या हातातून दोर काढून घेतला आणि त्या पुन्हा पाणी ओढू लागल्या.

मी बाबांना म्हणालो, "चुकलं माझं."

"इंजिनच जुनं," बाबा म्हणाले.

निघताना सासूबाईंनी पिशवी दिली. आत भेंडी होती. जगलेल्या वाफ्यांतली, निवडून काढलेली, कोवळी, हलकी. मी ती घरी आणली. मला त्या लोकांनी एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण त्यांनी तो आनंद मला कधी दिला नाही.

त्यानंतर चांदीपला गेलो की इंजिनाच्या खोपटाला कुलूप दिसायचं. "कुत्री शिरतात," जगन सांगायचा. तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला तेव्हा पाटावर बसण्याआधी माझी पिशवी वनितानं स्वतः तपासली.

काही वर्षांनी बाबा गेले. दिवसवार झाल्यावर महिन्याभरानं जगन बोळिंजला आला. त्याच्या खांद्यावर एक सागवानी पेटी होती. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले पाने. काळे, जाडजूड, वजनदार, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, आणि प्रत्येकावर इंचाचा आकडा. एकही झिजलेला नव्हता.

"ही कुणाची?"

"बाबांची. इंजिनाबरोबरच घेतलेली."

"आणि होती कुठे?"

"माळ्यावर. तुम्ही अनारसे खायला बसला होता ना, त्याच्या बरोब्बर वर."

"मग त्या दिवशी काढली का नाही?"

"मी म्हनलो होतो काढू या म्हनून. बाबा म्हनले, जावयानं कौतुकानं स्वतःची हत्यारं आनलीत. आपली काढली तर त्याला काय वाटेल?"

मी एक पाना उचलला. मनगट खाली ओढलं गेलं. डोळे पुसले. एवढा मान आयुष्यात मला कुणी दिला नव्हता, आणि एवढ्या मानाची माझी लायकी नव्हती. मी म्हणालो, "जगन, एवढं सगळं होऊन त्यांनी ही पेटी मला द्यायला सांगितली?"

"हां. पेटी भावोजींनाच द्या म्हनले." जगन जरा घुटमळला. "पन म्हनले, आधी इंजिन विका, मग द्या."

"विकलंत?"

"परवाच गेलं. किलोवर."

पेटी आमच्याकडेच आहे. दर दसऱ्याला मी ती खाली काढतो, पाने पुसतो, फूल वाहतो आणि परत ठेवतो. बाथरूमचा नवा नळही हल्ली गळायला लागलाय. मी त्याला हात लावलेला नाही. खाली करवंटी ठेवलीय.