गणोजीचा पुरता वळसा

गणोजी देवासच्या दरबाराचा डाकस्वार. धारच्या बाजारातून आणलेली त्याची घोडी म्हातारी झाली, तेव्हा दरबाराने नवी घोडी घेण्याऐवजी फटफटी घेतली. पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. कारभारी कृष्णरावांच्या मनात होतं की फटफटीवर इंदूरचा एखादा पाटलूणवाला पोरगा बसवावा. गणोजी मुजरा करून म्हणाला, "सरकार, जनावर बदललं म्हणून स्वार बदलतो का?"

महूहून आलेल्या मिस्त्रीने त्याला मैदानात शिकवायला घेतलं. गणोजी पडला, उठला, मिशांतली माती झटकून परत बसला. मैदान जमलं. राहिला महादेवाचा चौक. मधोमध देऊळ, भोवती गोल रस्ता आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गावभरच्या वाटा.

मिस्त्री म्हणाला, "देऊळ उजव्या हाताला ठेवायचं. वेग चौकात शिरायच्या आधीच कमी करायचा, वळणात नाही. आधीपासून जो फिरतोय त्याला जाऊ द्यायचं. आणि नजर चाकावर नको, जायचं त्या वाटेवर."

"देव उजवीकडे ना? हे तर आईच्या कडेवर असताना शिकलोय!" गणोजी हसला.

तिथेच घात झाला. देवळाच्या उत्तरेला पिंडीवरचं पाणी पन्हळीतून बाहेर येतं आणि रस्ता आडवा कापून गटाराला मिळतं. प्रदक्षिणा घालताना महादेवाची पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. गणोजी झोकात शिरला, झोकात फिरला, आणि पन्हळ दिसताच त्याच्या हातांनी त्याला न विचारता गाडी गर्रकन उलटी वळवली. मागून कडब्याची गाडी येत होती. फटफटी खाली, गणोजी कडब्यात.

"भिया, घोडी बरी थी! उसको अक्कल थी!" चौकातला एक टांगेवाला ओरडला.

कृष्णरावांपर्यंत बातमी गेलीच. त्यांनी फर्मावलं, "सोमवारी डाक घेऊन या चौकातून इंदूरच्या वाटेला लागून दाखवा. नाहीतर तो पोरगा येतोय." इंदूरची वाट नेमकी पन्हळीच्या पलीकडे फुटते.

घरी बायको मालन जखमेला हळद लावत म्हणाली, "अहो, सोडा ना तो नाद. दरबारात दुसरं काम मिळेल."

"कसलं? त्या पोराला सलाम ठोकायचं?"

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी गणोजी चौकात आला, पायी. खांद्यावर डाकेची रिकामी थैली, दोन्ही हात मुठी वळून पुढे धरलेले, तोंडाने फट फट फट. देऊळ उजवीकडे ठेवून निघाला आणि पन्हळ सरळ ओलांडून गेला. परत आला, परत ओलांडली. हसता हसता भाजीवाल्यांनी देवळाकडे बघून हात जोडले. पुजारी दत्तोपंत सोवळं सावरत पायरीवर आले.

"अरे गणोजी, पन्हळ ओलांडतोस? लाज वाटते का काही?"

"भटजीबोवा, हात ऐकत नाहीत. आधी पायांना शिकवतोय." गणोजी थांबला नाही. फट फट फट.

"माझ्या हातून तीर्थ मिळायचं नाही तुला!"

"थैली खांद्यावर आहे तोवर मी दरबाराचा. थैली उतरली की महादेवाचा. त्याला कळतं, तुम्ही मधे पडू नका."

बाजार उठेपर्यंत तो फिरत राहिला. पोरं मागून फट फट करत होती, त्यांनाही म्हणाला, "डावीकडून चला रे, पडाल!"

सोमवारी कृष्णराव पन्हळीजवळ खुर्ची टाकून बसले. तोच टांगेवाला मुद्दाम चौकात गोल फिरत होता. गणोजीने लांबूनच वेग कमी केला, टांग्याला पुढे जाऊ दिलं, "आगे बढो भिया," म्हणाला आणि मागोमाग शिरला. पन्हळ आली. हात परत वळायला निघाले. त्याने नजर उचलून इंदूरच्या वाटेवरच्या चिंचेला लावली. पाणी दोन्ही बाजूंना उडालं, त्यातलं थोडं कृष्णरावांच्या धोतरावर, आणि फटफटी वाटेला लागली.

संध्याकाळी तो डाक पोचवून आला, अंघोळ करून देवळात गेला. प्रदक्षिणा घालत पन्हळीपाशी पोचला आणि मागे फिरला. दत्तोपंत गाभाऱ्याच्या दारातून बघत होते.

"आता का रे वळलास?"

"थैली कुठाय खांद्यावर?" गणोजी म्हणाला आणि ओंजळ पुढे करून उभा राहिला. हलेना.

दत्तोपंत तीर्थाच्या भांड्यापाशी गेले. मग पळी उचलली.