आबांची तोंडी गॅरंटी

"मॅडम, सर, कोणीही टेन्शन घेऊ नका. काही झालं तर पूर्ण जबाबदारी माझी!"

आबा लॅपटॉपकडे पाहून ठणकावून म्हणाले. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. पडद्यावर बंगळुरूच्या कंपनीचे वकील कुलकर्णी गोड हसले.

"छान! मग हे करारातच घेऊ या," ते म्हणाले.

कॉल संपला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

मी धुळ्यात वकिली करते. आबा माझे जुने अशील. नरडाण्याच्या एमआयडीसीत त्यांचा पट्ट्यांचा कारखाना आहे. ट्रकवरचा माल आवळून बांधायचे पट्टे विणण्यात त्यांची हयात गेली. आता ही कंपनी तिकीट लावून माणसांना अंतराळाच्या काठापर्यंत नेऊन आणणार होती, आणि त्या यानातले सीट बेल्ट आबांकडून घेणार होती. आबांच्या घरी पेढे वाटून झाले. माझी मात्र झोप उडाली.

असं यान म्हणजे विमान नव्हे. यात जीव जाऊ शकतो, हे प्रवाशाला आधी स्पष्ट सांगतात. ते समजून तो सही करतो. याला इन्फॉर्म्ड कन्सेंट म्हणतात. मग प्रवासी, कंपनी, सुटे भाग पुरवणारे असे सगळे लिहून देतात, की अपघात झाला तर आम्ही एकमेकांवर दावा लावणार नाही. हा क्रॉस-वेव्हर. घोर निष्काळजीपणा केला तर त्याचं संरक्षण मिळणं कठीण, पण बाकी वेळी ते भक्कम कुंपण असतं. आबांना त्या कुंपणात घ्यायला मी कितीतरी दिवस कुलकर्णींशी भांडत होते. कारण आबांचा कारखाना प्रोप्रायटरशिपचा. म्हणजे कायद्याच्या नजरेत कारखाना आणि आबा एकच. दावा अंगावर आला तर मशिनं जातील, राहतं घर जाईल, शेतसुद्धा जाईल. आणि हे गृहस्थ एका वाक्यात कुंपणावरून उडी मारून मोकळे!

"आबा, कशाला बोललात?"

"ताई, आपला धंदा जबानवर चालस," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक समोर बसेल शे आनी मी गॅरंटी नही देवाची?"

"नाही द्यायची."

"मंग मी मुका व्हई जाऊ का?"

"व्हा!" मी ओरडलेच. मग वाईट वाटलं, पण माफी मागायला वेळ नव्हता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की तो कुलकर्णींचाच असेल असं वाटायचं. कोर्टात एक केस, डोक्यात दुसरीच. मी कुलकर्णींना मेलवर मेल टाकले. तोंडी बोलणं बाद, फक्त करारात लिहिलेलं खरं, हे कलम मला हवं होतं. ते शेवटी तयार झाले, पण बदल्यात त्यांनीही एक कलम टाकलं: यापुढे आबांनी कोणत्याही प्रवाशाला सुरक्षिततेची तोंडी वा लेखी हमी द्यायची नाही. मी लगेच हो म्हटलं. सह्या झाल्या.

पुढच्याच आठवड्यात कुलकर्णी पहिल्या प्रवासी बाईंना घेऊन कारखान्यात आले. निवृत्त डॉक्टर, मूळच्या भुसावळच्या. मीही गेले होते, आबांच्या तोंडावर लक्ष ठेवायला.

शेडमध्ये क्रेनला एक खुर्ची टांगलेली होती. तिच्यात वाळूची पोती बांधून ती उलटी करायची आणि पट्टा तपासायचा, ही आबांची रीत. बाई बराच वेळ तो पट्टा चाचपत राहिल्या.

"मी सही केली आहे. कोणावर दावा लावणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आबा, नुसतं विचारते. तुमच्या मुलीला यात बसवाल?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. कुलकर्णींनी मोबाइल खिशात ठेवला आणि कान टवकारले. आबांचा चेहरा लाल झाला. इतक्या साध्या प्रश्नावर त्या माणसाला गप्प बसवणारी मी होते, आणि मला माझीच लाज वाटली.

आबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. पोती खाली ओढली, खुर्चीत बसले, पट्टे आवळले आणि क्रेनवाल्याला म्हणाले, "उचल वर. आते उलटी कर."

"आबा, वय काय तुमचं!" मी किंचाळले.

खुर्ची उलटी झाली. आबांच्या खिशातला चष्मा, अडकित्ता, सुपारी, सगळं जमिनीवर पडलं. आबा नाही पडले. डोकं खाली, पाय वर, हात जोडलेले, तोंड घट्ट मिटलेलं. बाई आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले.

"याला काय म्हणायचं?" कुलकर्णींनी मला हळूच विचारलं.

"तोंडी नाही, लेखीही नाही," मी म्हटलं. "करार पाळलाय."

बाईंचं उड्डाण अजून व्हायचं आहे. तारीख पुढे सरकली की मला बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जीव टांगणीला लागतो. तेव्हापासून असे करार करताना मी ‘तोंडी वा लेखी’च्या पुढे ‘अथवा कृतीने’ हे शब्द आठवणीने घालते.

आबांच्या कराराचं नूतनीकरण मागच्या महिन्यात झालं. त्यात मात्र मी ते घातले नाहीत.