काकवी पिणारी टाकी

कळंब्यापलीकडच्या एका गावात निसार शिकलगार पाण्याची मोटार चालवायचा. उसाला युरिया ओतून ओतून विहिरीचं पाणी नासलं होतं. दिसायला काचेसारखं, पण त्यात दुधाची पावडर कालवून पाजली की तान्ही पोरं निळी पडायची. म्हणून चौऱ्याऐंशी साली कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या सरांनी विहिरीजवळ खडीनं भरलेली झाकणाची टाकी बांधली. खडीवर बुळबुळीत थर धरतो, त्यातले जंतू पाण्यातलं खताचं विष खातात, मग ते पाणी गावच्या नळांना जातं. मात्र त्यांना दोन्ही वेळा तांब्याभर काकवी पाजायची, खाडा नाही.

"म्हंजे मी किड्यांचा गडी झालो की ओ!" निसार हसला होता. पुढं हसू आटलं. दुभत्या म्हशीपायी बाई अडकते, तसा तो टाकीपायी अडकला. तीन वर्षांत उरूस नाही, लग्न नाही, पावण्यांचं तोंड नाही. रात्री अंथरुणावर त्याचा जीव घुसमटायचा.

अशात गारगोटीला लेकीला, सलिमाला, मुलगा झाला. बाळाचं नाव ठेवायचा अकीका ठरला. शेजारच्या बायडाबाईच्या घरीही तान्हा नातू होता. निसारनं तिलाच विनवलं, "मावशी, नुसती काकवी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

दोन दिवसांनी येऊन बघतो तर खडी उन्हात पसरलेली, पांढरीफेक! नवरात्राच्या आधी आपल्याकडं घरातलं पोतेरंसुद्धा धुतात, तशी बायडाबाईनं ब्लीचिंग पावडर टाकून टाकीही घासली होती.

"कसली रं घाण साठवलीयास! काल सकाळीच चकाचक केली बघ."

"मावशी, त्या घाणीनंच पाणी साफ हुत हुतं!" निसार ओरडला. "तुमच्या नातवाला दूध कशात कालवलंसा?"

"नळाच्या पाण्यात की."

दोघं धावले. पोराचे ओठ जांभळे पडले होते. टेम्पोतनं कोल्हापूरला नेलं म्हणून वाचलं बिचारं. निसारनं खडी परत भरली. थर धरेपर्यंत महिनाभर त्यानं सायकलवरून लांबच्या गावचं चांगलं पाणी आणून गावातल्या तान्ह्यांच्या घरी पोचवलं.

"आता जा की लेकीकडं, मी बघतो," असं कुणी म्हटलं की तो नको म्हणून मान हलवायचा. त्यानं झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

दोन वर्षांनी सलिमाच नातवाला घेऊन आली. निसारनं हात पसरले. पोरगं आईच्या पदराआड दडलं आणि म्हणालं, "अम्मा, ह्यो कोण हाय?"