दुसऱ्याची गाडी धुताना

लग्नानंतर मी रामदासपेठेत सासरी राहायला आले आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या अंगणात एक जर्मन गाडी येऊन उभी राहिली. सत्तरच्या दशकाचा शेवट होता तो. गाडी म्हणजे चाकांवरचं लहानसं घरच. आत गादी, स्टोव्ह, भांडी ठेवायची फडताळं, खिडक्यांना पडदे. रंग सायीसारखा.

ती गाडी घेऊन एक पन्नाशीचं जोडपं स्वतःच्या देशातून थेट रस्त्याने आलं होतं आणि दक्षिणेकडे निघालं होतं. नागपुरात नवऱ्याला कावीळ झाली. आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात त्याला भरती केलं. बाईला गाडी लावायला जागा मिळेना. ती दारोदार विचारत आमच्या फाटकापाशी आली, तेव्हा माझे सासरे, म्हणजे मामाजी, ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ते पोस्टातून नुकतेच रिटायर झाले होते. मी एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून त्यांनी मलाच बाहेर बोलावलं. मी बाईचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "लाव म्हणा आत. अंगण कोणाच्या कामाचं आहे?"

बाईचा नवरा जरा सावरला, पण पुढचा रस्त्याचा प्रवास त्याला झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दोघं विमानाने परत गेली. गाडी मात्र आमच्याकडेच राहिली. पुढच्या थंडीत येऊन नेऊ, असं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी बाईने आम्हा दोघांना गाडीभोवती फिरवलं. ती बोलत होती, मी मामाजींना मराठीत सांगत होते. गाडी उन्हात कधी धुवायची नाही. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग वरून खाली फडकं फिरवायचं. कोरडं फडकं घासलं की धुळीने चरे पडतात. सोडा लावायचा नाही, रंगाची चमक जाते. धुतल्यावर मऊ पिवळ्या चामड्याने लगेच पाणी टिपायचं. मग मेणाचं पॉलिश. खिडक्यांच्या रबराला ग्लिसरीन. पॉलिशचा डबा आणि चामडं तिने मामाजींच्या हातात दिलं आणि शेवटी म्हणाली, "फक्त बाहेरून. आतलं किंवा पत्रे कृपया उघडू नका."

मी ते तसंच सांगितलं. मामाजींनी मान हलवली. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बाई गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "पत्रे उघडू नका असं काहून म्हणाली असेल ती?"

मला तोवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि वाटायला लागलं.

मामाजी दर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत गाडी धुवायला घेत. विहिरीचं पाणी जड, त्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचं पाणी भरून ठेवत. रात्री रिठे भिजवत आणि त्याच फेसाने गाडी धूत. मी पाइप धरायची, ते शिडीवर चढून टपापासून सुरुवात करायचे. कडुनिंबावरच्या मैना टपावर घाण करत. ती वाळली तर रंग खाते, म्हणून मामाजी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन एक फेरी मारत. उन्हाळा आला तेव्हा त्यांनी इतवारीतून मांजरपाट आणून गाडीला खोळ शिवून घेतली. ताडपत्री वाऱ्याने घासते, ती नको म्हणाले.

शेजारचे कोर्टातले काका, ज्यांच्याकडे मामाजी पत्ते खेळायला जात, रोज कुंपणापाशी उभे राहून हे बघत. एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, स्वतःची सायकल कधी पुसली नाही तुम्ही. दुसऱ्याची गाडी रोज धुऊन राहिले?"

"अमानत आहे," मामाजी म्हणाले.

"तेच तर म्हणतो मी. एवढी किमती गाडी कोणी ओळखपाळख नसताना सोडून जाते का? मले तर काही बरोबर दिसून नाही राहिलं. उद्या आतून सोनं निघालं, नाहीतर गांजा निघाला, तर ती बाई तिकडे आणि तुम्ही इकडे."

त्या दिवसापासून सासूबाईंची झोप उडाली. दार वाजलं की त्या आधी खिडकीतून बघायच्या.

त्यातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. धुणं झाल्यावर सगळ्या गाडीवरचं पाणी थोड्या वेळात निथळून जायचं, पण मागच्या डाव्या कोपऱ्याखालून दुपारपर्यंत थेंब गळत राहायचे. म्हणजे तिथे पत्र्यामागे पोकळी होती. बोटाने वाजवलं तर आवाजही वेगळा यायचा. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पेचकस आण, स्क्रू काढून आत्ताच बघू." तेवढ्यात मामाजी आले आणि ते त्याला इतकं बोलले की लग्नापासून मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातातला पाइप काढून घेतला. "तू राहू दे. तुले शाळेच्या वह्या तपासायच्या असतील," म्हणाले. तेव्हापासून तो कोपरा ते एकटेच धुऊ लागले.

पावसाळ्यात एकदा शाळा लवकर सुटली. घरी आले तर मामाजी गाडीमागे उकिडवे बसलेले. मला बघून त्यांनी काहीतरी धोतराच्या घोळात लपवलं. पेचकसाची पिवळी मूठ मला दिसली. आठवड्याभराने मी त्या कोपऱ्याकडे बघितलं, तर पत्र्याच्या कडेने ताजी पुट्टी भरलेली होती आणि त्यावर मेण घासलेलं होतं. लांबून कोणालाही कळलं नसतं. पण मी ती गाडी महिनोन्‌महिने बघत होते.

मी कोणालाच काही बोलले नाही. सासूबाईंना सांगितलं असतं तर घरात रडारड झाली असती. नवऱ्याला सांगितलं असतं तर बापलेकांत भांडण. पण जेवायला वाढताना मी मामाजींच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. ज्या माणसाने पोस्टात कधी कोणाचं पाकीट उलटंसुद्धा करून पाहिलं नाही असं सगळे म्हणत, त्याने त्या पत्र्यामागून काय काढलं असेल? आणि ते आता कुठे असेल? पुट्टी दिसायच्या आधी, त्याच आठवड्यात, ते सावनेरला बहिणीकडे जाऊन आले होते. येताना त्यांच्या हातात एक गाठोडं होतं. त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ते गाठोडं दिसलं नाही. माझ्या मनात तेही जाऊन बसलं.

दिवाळीच्या सुमारास एक हवालदार आला. परदेशी गाडी उभी असल्याची खबर कोणीतरी दिली होती. मामाजींनी बाईने दिलेला कागद दाखवला. हवालदार कागद वाचत गाडीभोवती फिरला आणि सहज म्हणून काठीने पत्रे ठोकत गेला. मागच्या कोपऱ्यावर काठी पडली, तेव्हा मामाजींनी ओट्याचा खांब धरला. हवालदाराला काही जाणवलं नाही. चहा पिऊन तो गेला. सासूबाईंनी मात्र ते बघितलं होतं. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुले माहीत आहे काही?" मी नाही म्हटलं.

थंडीत बाई आली. सोबत तिचा भाऊ होता. तिचा नवरा घरी परतल्यावर काही महिन्यांनी वारला होता. आम्ही गाडीची खोळ काढली. गाडी ठेवून गेली तेव्हापेक्षा चकचकीत दिसत होती. मग तिने हात फिरवत एक चक्कर मारली. आत गेली, फडताळं उघडून कप मोजले, चाकं वाकून बघितली. मला राग आला. तिचा आमच्यावर भरवसा नव्हता, हे उघडच दिसत होतं. शेवटी ती मागच्या कोपऱ्यापाशी थांबली आणि पुट्टीवर नख फिरवून तिने मला विचारलं, "हे कोणी उघडलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाई, नवरा, कुंपणापलीकडचे काका. मी मामाजींना मराठीत विचारलं. खरं म्हणजे मलाही तेच विचारायचं होतं.

"मी," ते म्हणाले. "पावसाळ्यात आत पाणी साचून राहिलं होतं. कुजका वास यायला लागला. तिला सांगितलं होतं उघडणार नाही, पण नसतं उघडलं तर आतली लाकडी चौकट सडली असती. आत लोकर भरली होती, पार भिजून शेवाळली होती. ती काढून टाकली. सावनेरच्या बहिणीकडून सरकी काढलेला कापूस आणला, तो भरला आणि सांधे बंद केले."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. भावाने पेचकस काढून पत्रा उघडला. आत पांढरा, कोरडा कापूस होता. बाकी काही नव्हतं. बाई खाली बसली. ती म्हणाली की प्रवासात एका धडकेत तो कोपरा चेपला होता आणि नवऱ्याने तो स्वतः बसवला होता. त्याच्या हातचं काम कोणी उचकटू नये, एवढंच तिला वाटलं होतं. मग चहा घेताना तिने मला असंही सांगितलं की गाडीची चाकंसुद्धा सापडणार नाहीत, असं तिकडे सगळे तिला म्हणत होते. कप मोजल्याबद्दल तिने माफी मागितली.

ती गेल्यावर सासूबाई मामाजींना म्हणाल्या, "एवढंच होतं तर सांगितलं काहून नाही?"

"उघडलं म्हणून सांगितलं असतं," मामाजी म्हणाले, "आणि आत काही निघालं नाही असंही सांगितलं असतं, तर तुम्ही कोणी खरं मानलं असतं का?"

त्यावर सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. नवऱ्याने पेपर उघडला. शेजारचे काका पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले की सोनं निघालं होतं, फक्त ते आधीच सावनेरला गेलं. मामाजींनी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जाणं सोडलं ते कायमचंच.