मागे घेतलेला शोधनिबंध

आमच्या मॅडम माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी तोंड. एकदा औरंगपुऱ्यात रिक्षातून उतरल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भाऊ, जरा आ करा. आता ही तीन बोटं उभी घाला तोंडात." दोनच गेली. गुटख्यानं जबडा आखडत चालला होता. मागे हॉर्न वाजत होते, तरी त्यांनी दवाखान्याची वेळ चिठ्ठीवर लिहून दिली. "उद्या आला नाहीत, तर मी स्टँडवर येईन." तो आला नाही. मॅडम खरंच स्टँडवर गेल्या.

तोंडाच्या कर्करोगावर त्यांचं संशोधन चालायचं आणि मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. त्या मूळच्या सोयगावच्या. आई मिश्री लावायची आणि गालाच्या कर्करोगानं गेली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. खेड्यात तपासणीला गेलं की त्या बायकांना "मिश्री लावता का?" असं कधी विचारत नसत. विचारायच्या, "मिश्री घरी भाजता की विकत आणता?" बाई सहज बोलून जायची, "घरीच भाजते. विकतची लई कडक असती." मग पुढचं सगळं खरं सांगायची.

शोधनिबंधावर नावं कुणाची घालायची, याबाबत त्या हट्टी होत्या. गावात घरोघरी फिरून लाळेचे नमुने गोळा करणाऱ्या आशाताईचं नाव त्यांनी घातलं, तेव्हा विभागात कुजबुज झाली. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही गेला असता तर एका बाईनं तरी तोंड उघडलं असतं का?"

त्यांचा एक निबंध फार गाजला होता. लाळेतल्या एका प्रथिनावरून कर्करोगाची चाहूल आधीच लागते, असं त्यात मांडलं होतं. परदेशातले लोक त्याचा हवाला द्यायचे. त्यावर बेतलेली चाचणी बनवायला दोन-तीन ठिकाणी सुरुवातही झाली होती. माझा प्रबंध त्याच पायावर उभा होता. म्हणून मी जुने नमुने पुन्हा तपासायला घेतले आणि मला दिसलं, की दोन पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. निरोगी माणसांचे नमुने रुग्णांचे म्हणून मोजले गेले होते. दुरुस्त करून मांडलं, तर चाहूलबिहूल काही उरत नव्हती.

तीन दिवस मी ते कागद पिशवीतच ठेवले. प्राध्यापकपदासाठी त्यांची मुलाखत तोंडावर आली होती. चौथ्या दिवशी धीर करून कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले, वरची तारीख बघितली, चष्मा काढला.

"तीन दिवस जेवलीस का गं नीट?"

मला रडू फुटलं. "मॅडम, मुलाखत होऊ द्या. मग कळवू."

"नाय. या आकड्यांवर उद्या कुणीतरी एखादीला 'तुला काही झालं नाही' म्हणून घरी पाठवील. ती बाई माझ्या मुलाखतीसाठी थांबंल व्हय?"

त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं: चूक आमची आहे, निबंध मागे घेत आहोत. चूक कुणी शोधली, तिथं माझं नाव लिहिलं. चिठ्ठ्या कुणी चिकटवल्या होत्या, ते मात्र त्यांनी कधीच शोधू दिलं नाही. "निबंधावर पहिलं नाव माझं आहे," एवढंच म्हणाल्या.

प्राध्यापकपद हातचं गेलं. काही जणांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. मॅडम मला घेऊन पुन्हा त्याच गावांत गेल्या, त्याच दारांत उभ्या राहिल्या, "आमच्याकडून चूक झाली, पुन्हा लाळ द्याल का?" म्हणाल्या. एकाही घरानं नाही म्हटलं नाही. दोन वर्षांनी जे हाती आलं ते छोटं होतं, पण पक्कं होतं. ते प्रथिन तंबाखू खाणाऱ्या सगळ्यांतच वाढतं. त्याच्या भरवशावर निदान करू नका. अर्धवट उभ्या राहिलेल्या चाचण्या थांबल्या. माझा प्रबंध त्यावरच झाला.

निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या निबंधांची छापील यादी वाटली. कुणीतरी आदरानं तो निबंध गाळला होता. मॅडमनी व्यासपीठावरच पेन मागितलं आणि आपल्या प्रतीवर तो लिहिला. पुढे कंसात 'मागे घेतला' असंही लिहिलं. म्हणाल्या, "हाही माझाच आहे. याच्याइतकं मला दुसऱ्या कुठल्याच निबंधानं शिकवलं नाही."

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. त्यानंतर एका परिषदेत मी माझं काम मांडलं. अध्यक्षस्थानी असलेले वयस्कर डॉक्टर चहाच्या वेळी जवळ आले. "तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालात ना? मग तुमचे आकडे तपासायची गरज नाही."

"तपासा सर," मी म्हणाले, आणि तिथंच लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला.