मेणावरचा रुपया

लढाई नुकतीच संपली होती. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. काम काय, तर खेड्यापाड्यांतली गाणी धुंडाळून आणायची. तमाशातल्या बायकांचा आवाज मुंबईच्या बंद खोलीत मोकळा होत नाही, तेव्हा यंत्रच नगरला न्यावं, असा हट्ट मी मालकांपाशी धरला. मालक म्हणाले, "ने. पण खेप फुकट गेली तर तूही तिकडेच राहा."

यंत्रवाल्याला घेऊन गेलो, नगरजवळच्या भिंगारात खोली घेतली, भिंतींना गाद्या टांगल्या. तेव्हा गाणं मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जाई. चुकलं की चकती बाद. ऐकून बघायचीही सोय नाही, सुई फिरवली की मेण खरवडून निघे. त्यात नगरच्या उन्हाने आमच्या चकत्या वाटेतच वाकवल्या. धड अशी एकच उरली.

संगमनेरकडच्या फडातल्या एक बाई गायला आल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना दम भरला, "खोकायचं नाही, हलायचं नाही. वाहवा मनातल्या मनात!"

यंत्र सुरू झालं. बाईंनी अशी काही तान घेतली की आपण कुठे बसलोय तेच मी विसरलो. तमाशाच्या तंबूत पहिल्या रांगेत बसायची माझी जुनी खोड. हात आपसूक खिशात गेला आणि रुपया वर झाला.

बाई गाता गाता थांबल्या. ढोलकी चालूच. "कंपनीच्या सायबांनी खूश हून येक रुपाया दिलाय, त्येंचं लई आभार हायेत!" आणि सोडलं होतं तिथून गाणं पुन्हा उचललं.

गाणं संपताच मी ओरडलो, "अहो बाई, हे काय केलंत?"

"आता! रुपाया तुमी दावला का मी मागितला? दौलतजादा घ्यायचा आन् देनाऱ्याला पुकारायचं न्हाई, आसं आमच्यात चालत न्हाई."

ढोलकीवाला म्हणाला, "सायेब, रुपाया अजून तुमच्याच हातात हाय."

दिला. दुसरं करणार काय?

महिन्याभराने नमुन्याची तबकडी आली आणि मालकांनी मला बोलावलं. भिंगारच्या छावणीत कुणी कारकून म्हणून ठेवून घेईल का, याचा विचार करतच मी आत गेलो. तबकडी फिरू लागली. रुपया आला. मालकांनी सुई उचलली, पुन्हा पहिल्यापासून लावली, शेवटपर्यंत ऐकली.

"हा साहेब कोण?"

"मीच."

"एकच रुपया? अरे, ही गावोगाव वाजणार! कंपनीची माणसं चिकट म्हणून नाव होईल आपलं." मग स्वतःच खो खो हसत सुटले. "जाऊ दे. तंबूत बसल्यासारखं वाटलं. छापा."

बाहेर आलो तो सरळ जिन्यातच बसलो. खालच्या पायरीवर आमचा यंत्रवाला केव्हापासून बसून होता.

"काढलं का रे तुला?"

"छापतायत."

त्याने टोपी काढून घाम पुसला. "वाचलो बाबा! यंत्र तिथल्या तिथे का नाही थांबवलं, म्हणून मलाही विचारणार होते. काय सांगणार होतो? मीही गाणंच ऐकत बसलो होतो."