माझ्या खोलीत भरलेली बहिणींची सभा

बारा बायकांनी पिशवीतून आपापली कपबशी काढली आणि मांडीपुढं ठेवली. माझ्या खोलीत. मी यजमानीण होते.

स्टोव्हवर चहा उकळत होता. बोर्डिंगातल्या कपबशा मी राखेनं घासून फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या. एकीनंही तिकडं पाहिलं नाही.

"तुला भांड्याचा तरास नको म्हणून आणल्या गं," पाळकबाई म्हणाल्या. आमच्या चर्चच्या पाळकांची बायको.

"लय बरं केलं बाई," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. मला तेव्हा सगळं बरंच वाटायचं.

ही जिंतूरची गोष्ट. मी मूळची तिकडं देगलूरकडची. पाचवीत शाळा सुटली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि आमच्या गावानं आमची वस्ती पेटवली. घर गेलं. वर्षभरात आई गेली. भाऊ हैदराबादला बांधकामावर गेला, त्याचं पत्र नाही. एका नर्सबाईच्या ओळखीनं मी इथं मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला लागले. पाळकबाईंनी मागची खोली दिली. पुढं मी बाप्तिस्मा घेतला. कुणी बळजबरी केली नाही. उपकार फेडायला माझ्याजवळ दुसरं काय होतं?

सुट्टीत मुली घरी जायच्या. मग त्या एवढ्या आवारात मी एकटी. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

म्हणून ही सभा मला हवी होती. चर्चच्या बायका दर महिन्याला एकीच्या घरी जमायच्या. जिच्या घरी सभा, तिनं पहिलं स्तोत्र वाचायचं, असा नेम. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी जात होते. तिथं सगळ्या घरच्याच कपातून चहा घ्यायच्या. मी आत शेगडीपाशी, स्टीलच्या गिलासात. मला वाटायचं, कामाच्या माणसाला तेच सोयीचं.

"एकदा माझ्याकडं घ्या बाई." दोन वर्षं म्हणत होते. शेवटी घेतली. आठ दिवस मी बोर्डिंगातल्या मुलींपुढं स्तोत्र वाचून पाठ करत होते.

पण सभा सुरू होताच पाळकबाईंनी बायबल माझ्या हातातून घेतलं. "तू चहा बघ. वाचायचं मी बघते."

सभेचा विषय होता आपला वारसा आणि आपला भगिनीभाव. एकेकीनं आपल्या माहेरचं सांगायचं. शाळेतल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमचे पणजोबा ब्राह्मण. सोवळं सोडून प्रभूकडं आले."

"आमी मूळचे देशमुख," दुसरी म्हणाली. सगळ्या तिला देशमुखबाईच म्हणायच्या. "गढी हाय अजून."

"म्हणून नाकावर माशी बसू देत न्हाईस होय," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझी पाळी आली. मी पदराला हात पुसले. मला आईचं सांगायचं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. पण संध्याकाळी वस्तीतली पोरं गोळा करून ती बुद्धवंदना म्हणून घ्यायची. ऐकून ऐकून तिनं ती पाठ केली होती.

"हिचं राहू द्या," पाळकबाई म्हणाल्या. "आपल्यात जातपात न्हाई. जुनं कशाला उकरायचं?"

"हो, हो. कशाला," बाकीच्या म्हणाल्या.

आमेन झालं. देशमुखबाईंनी त्यांची कपबशी माझ्याकडं सरकवली. "जरा विसळून दे गं. सगळ्यांच्याच घे."

मी उचलली. आणि मग लक्षात आलं. मी दिलेला कप यांच्या तोंडाला चालत नाही. यांचा उष्टा कप माझ्या हाताला चालतो.

मी ती खाली ठेवली.

"बाई, जिची तिनं विसळावी. रांजण बाहेर हाय."

"काय म्हणालीस?"

"आणि माझं सांगायचं राहिलंय."

मी उभी राहिले. गावाचं नाव सांगितलं. आईचं नाव सांगितलं. आम्ही कोण ते सांगितलं. वस्ती कुणी पेटवली, का पेटवली, ते सांगितलं. मास्तरीणबाईंनी कपबशी तशीच रुमालात गुंडाळली आणि उठल्या. मागोमाग बाकीच्या.

दारात पाळकबाई वळल्या. "खायला घातलं, त्याचं हे फळ."

ते लागलं. अजून लागतं. त्यांनी आसरा दिला होता, हे खरं. मी नाही म्हणत नाही. पण रोज साठ पोरींच्या भाकरी मी थापत होते, हेही खरं. ते सहा वर्षांत कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

पुढची सभा देशमुखबाईंकडं होती. मला निरोप आला नाही. मी गेले.

"आलीस? मग आत जा, शेगडी बघ."

"मी सभेला आलेय."

सतरंजीवर बसले. दोन्ही अंगाला हातभर जागा मोकळी राहिली. तिथं कुणी बसलं नाही. सभा संपेपर्यंत कुणी बोललं नाही. घरीही गप्प, इथंही गप्प. पण इथं मी त्यांना दिसत होते.

आता दर महिन्याला जाते. स्वयंपाकावरून काढतील, खोली घेतील. त्यासाठी पेटी भरून ठेवली आहे. पण सभेच्या वहीत माझं नाव आहे, ते काढायचं तर नेमाप्रमाणं कारण लिहावं लागेल. त्यांनी ते आपल्या हातानं लिहावं आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. तोवर मी सतरंजीवरून उठणार नाही.